तात्यांची सही

ताई, नमस्कार.

तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, वय 61. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गालाच्या आत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, शेक दिले. त्यांना आम्ही 'तंबाखूनं फोड झाला होता, काढला' एवढंच सांगितलंय. कॅन्सर हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही. आता गाठ परत आलीय. मुंबईच्या डॉक्टरांनी मला आणि भावाला बाजूला घेऊन सांगितलं की पूर्ण बरं होणं आता अवघड आहे, पण आजार काही काळ दाबून ठेवता येईल. मग म्हणाले, एक ट्रायल चालू आहे. एका गटाला नेहमीच्या गोळ्या, दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या आणि शिवाय दर तीन आठवड्यांनी शिरेतून एक नवं औषध. कोणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार. सोळा पानांचा मराठी फॉर्म दिलाय. काका म्हणतात, "गरिबाचा उंदीर करतात, नावसुद्धा काढू नका." भाऊ म्हणतो, नवं औषध फुकट मिळतंय तर नाही कशाला म्हणायचं? पुढच्या बुधवारी जायचंय. तात्यांच्या वतीनं मी सही करू का नको?

– एक लेक, तासगाव

*

ही सही तुम्हाला करताच येणार नाही.

रागानं म्हणत नाहीये. नियमच तसा आहे. आपल्याकडे नव्या औषधांच्या चाचण्या 2019 च्या नियमावलीनुसार चालतात. त्यात नातेवाइकानं सही करायची मुभा आहे, पण ती रुग्ण बेशुद्ध असेल, लहान मूल असेल किंवा समजून घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा. तात्या रोज बागेत जातात, औषधाच्या दुकानाचं बिल तपासतात असा माणूस दिसतो मला. त्यांची सही त्यांचीच. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा, आणि तोही ट्रायलशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर. आणि त्या सोळा पानांत पहिल्या-दुसऱ्या पानावरच कॅन्सर हा शब्द छापलेला असणार. म्हणजे ट्रायलला हो म्हणायचं असो की नाही, त्याआधी तात्यांशी बोलावं लागणार. तुम्ही मला विचारलेला प्रश्न हा दुसरा आहे. पहिला तुम्ही विचारलाच नाहीत.

मी या सदरात येण्याआधी बरीच वर्षं एका रुग्णालयात ट्रायल समन्वयक होते. फॉर्म समजावून सांगणं, तारखा सांभाळणं, रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं हे माझं काम. सुरुवातीच्या काळात मीही दहा मिनिटांत फॉर्म 'समजावून' मोकळी व्हायची. बाहेर रांग असायची आणि वरून आकड्यांचा तगादा. एकदा एक वयस्कर गृहस्थ आले, मुलगा बरोबर. मुलानं मला दारातच गाठून सांगितलं, बाबांना काही माहीत नाही, तुम्ही नुसतं 'औषधाचा फॉर्म' म्हणा. मी त्याला चहा प्यायला पाठवलं आणि बाबांना विचारलं, तुम्हाला आजार कसला आहे असं वाटतं? ते म्हणाले, "कॅन्सर आहे बाई. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण पोराला वाटतंय मला माहीत नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून मी विचारत नाही."

तात्यांचं असंच असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण विचार करा. शेक घेतलेला माणूस. मुंबईच्या त्या वॉर्डाबाहेर बाकावर तासन्‌तास बसलेला. शेजारचे रुग्ण काय गप्पा मारतात तुम्हाला माहितेय? कितवी केमो, कुठली स्टेज, कोण गेला. हे सगळं ऐकून परत येताना महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये तात्या खिडकीबाहेर बघत बसले असतील आणि तुम्ही त्यांना 'फोड आहे' सांगत असाल, तर लपवाछपवी दोन्ही बाजूंनी चालू आहे.

कसं सांगायचं? एका दमात सगळं नाही. आधी त्यांनाच विचारा: "तात्या, तुम्हाला काय वाटतंय, कशामुळे परत आलंय हे?" आणि मग गप्प राहा. ही शांतता तुम्हाला सोसणार नाही, काहीतरी बोलून ती भरून काढावीशी वाटेल. नका भरू. ते जेवढं विचारतील तेवढंच सांगा, पण सांगाल ते खरं. "किती दिवस?" असं विचारलं तर तो प्रश्न डॉक्टरांसमोर विचारू म्हणा. आणि ते म्हणाले, मला काही ऐकायचं नाही, तुम्हीच बघा, तर तोही त्यांचा अधिकार आहे. मग मात्र ट्रायल नाही. नेहमीचे उपचार घ्यायचे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता काकांच्या उंदराकडे वळते. काकांना हसू नका. त्यांच्या शंकेला इतिहास आहे. मुंबईतच, टाटा स्मारक रुग्णालयानं झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास केला. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगर लावून बघायचं, पांढरा डाग दिसला तर पुढे तपासायचं, अशी साधी स्वस्त पद्धत. 2013 मध्ये निकाल आला: तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. जगभर कौतुक झालं. पण दुसऱ्या अर्ध्या बायकांना माहिती दिली गेली, ती तपासणी केली गेली नाही, आणि तपासणीनं फायदा होतो हे आधीपासून माहीत असताना त्यांना वंचित का ठेवलं, असा सवाल जाणत्या लोकांनी केला. तेव्हा देशात सरसकट तपासणी कुठेच होत नव्हती, म्हणून तो गट 'नेहमीसारखा' होता, असं समर्थनही झालं. मला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि त्या प्रश्नानं मी आजही अस्वस्थ होते. त्याच सुमारास औषध चाचण्यांमधल्या मृत्यूंचं आणि न मिळालेल्या भरपाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आजचे कडक नियम आपोआप आलेले नाहीत. काकांसारखे लोक ओरडले म्हणून आलेत.

पण काकांना हेही सांगा की परळला टाटाच्या जवळच हाफकिन संस्था आहे. मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांना. (कैद्याची 'स्वेच्छा' ती कितपत, हा प्रश्न आज चाचण्यांना मान्यता देणारी कुठलीही नैतिकता समिती पहिल्यांदा विचारील.) कुठलंही औषध कुणातरी माणसाच्या अंगावरून गेल्याशिवाय तुमच्या-माझ्यापर्यंत आलेलं नाही. प्रश्न इतकाच असतो की त्या माणसाला ते माहीत होतं का.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'कोणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार'. त्यात तुम्हाला जुगार वाटतोय हे कळतं. हे तात्यांना तुमच्यापेक्षा लवकर समजेल. द्राक्षाच्या पानांवर पडणाऱ्या डावणी रोगावर रामबाण म्हणून दुकानदारानं नवं औषध गळ्यात मारलं, तर तात्या काय करतात? अडीच एकर एकदम फवारतात? चार ओळींवर मारत असतील, चार ओळी जुन्याच औषधावर ठेवत असतील, आणि काही दिवसांनी दोन्हीकडची पानं उलटी करून बघत असतील. जुन्या औषधावरच्या ओळी काही वाऱ्यावर सोडलेल्या नसतात. आता नव्या औषधासाठी कुठल्या ओळी निवडायच्या? विहिरीकडच्या जोमदार निवडल्या, तर औषधाचा गुण कुठला आणि पाण्याचा कुठला, कसं कळणार? माणसांचंही तेच. डॉक्टरांच्या हातात निवड ठेवली तर नकळत धडधाकट रुग्णाला नवं औषध दिलं जाईल, आणि मग औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल. म्हणून चिठ्ठी टाकायची. कॉम्प्युटर म्हणजे ती चिठ्ठी.

आणि चिठ्ठी टाकणं प्रामाणिक कधी असतं? दोन्हींतलं बरं कुठलं हे खरोखरच कोणाला माहीत नसतं तेव्हा. तात्यांच्याच आजारातलं उदाहरण देते. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असेल आणि मानेत हाताला गाठ लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी लगेच काढायच्या की वाट बघायची, यावर सर्जन मंडळी वर्षानुवर्षं भांडत होती. काढल्या तर खांदा दुखतो, वण राहतो. नाही काढल्या तर आजार लपून राहण्याची भीती. टाटामध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 पासून रुग्णांची अशीच चिठ्ठी टाकून विभागणी केली. 500 रुग्णांचा हिशेब बघितला तेव्हा फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल वेळेआधीच थांबवली. तीन वर्षांनी, आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी 80 टक्के जिवंत होते, वाट बघितलेल्यांपैकी 67.5 टक्के. 2015 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्या वादावर पडदा पडला. तात्यांचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा मानेवरही टाके घातले होते का, आठवून बघा. असतील तर त्या निर्णयामागे बहुधा ही पाचशे माणसंही उभी आहेत. आपल्यासारख्याच घरातली, तंबाखू-चुना मळणारी.

आता भावाशी बोलते. 'नवं औषध फुकट मिळतंय' या वाक्यातले दोन शब्द तपासायला हवेत. 'मिळतंय' हे नक्की नाही, कारण चिठ्ठी नेहमीच्या गोळ्यांची निघू शकते. तेव्हा फसवलं असं वाटून घ्यायचं असेल तर आत्ताच नको म्हणा. आणि 'नवं' म्हणजे 'चांगलं' नव्हे. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतलं जेमतेम एक बाजारात येतं, कॅन्सरमध्ये त्याहूनही कमी. बाकीची कुठेतरी गळतात: उपयोग होत नाही म्हणून, नाहीतर त्रास जास्त होतो म्हणून.

पण निराशही करत नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्येच, परत आलेल्या किंवा पसरलेल्या आजारावर टाटानं 2022 मध्ये एक निकाल जाहीर केला. निवोलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कामाला लावणारं औषध आहे. पूर्ण डोस आपल्याकडे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. त्यांनी दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, म्हणजे नेहमीच्या डोसाच्या दहाव्या भागाहूनही कमी, आणि सोबत तोंडानं घ्यायच्या स्वस्त गोळ्या. दुसऱ्या गटाला नुसत्या गोळ्या. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात 16.3 टक्के जिवंत होते, औषध जोडलेल्या गटात 43.4 टक्के. जेमतेम दीडशे रुग्णांची ट्रायल, पण परवडणाऱ्या उपचाराची वाट तिनं दाखवली. हा आकडा दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचा. सोळाचे त्रेचाळीस होणं ही या आजारात फार मोठी गोष्ट आहे. आणि चांगल्या गटातलेही निम्म्याहून जास्त लोक वर्ष पार करू शकले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. तुमच्या डॉक्टरांनी 'दाबून ठेवता येईल' म्हटलं, ते शब्द जपून वापरलेत. बरा माणूस दिसतो.

बुधवारी काय विचारायचं ते सांगते. ट्रायल कुठल्या टप्प्यातली? पहिल्या टप्प्यात औषध माणसाला किती झेपतं एवढंच बघतात, त्यातून तात्यांना फायदा व्हावा हा मुख्य उद्देशच नसतो. दोन गट करून तुलना चालू आहे म्हणजे दुसरा किंवा तिसरा टप्पा असावा, पण विचारा. नेहमीच्या गोळ्या म्हणजे आज बाहेर जो उपचार मिळाला असता तोच का? की त्याहून कमी? यावर गोलमोल उत्तर आलं तर काकांचं ऐका. पैसा कोणाचा: कंपनीचा की सरकारी-संस्थेचा? कंपनीचा असला म्हणजे वाईट असं नाही, पण स्वस्त जुन्या औषधांत कंपनीला रस नसतो आणि महागड्या नव्यात असतो, एवढं लक्षात ठेवून बाकीची उत्तरं ऐकायची. ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत प्रत्येक ट्रायल आधी नोंदवावीच लागते, 2009 पासून सक्ती आहे, आणि ती नोंद मोबाइलवर कोणालाही उघडता येते. भावाला बसवा त्या कामाला.

खर्चाचं खोदून विचारा. ट्रायलचं औषध फुकट, हे ठीक. पण जास्तीचे स्कॅन, रक्त, तासगाव-मुंबई भाडं, रात्रीचा मुक्काम? दर तीन आठवड्यांनी दोन माणसांचं जाणं-येणं म्हणजे ऐन फळछाटणीच्या दिवसांत बाग कोण बघणार, हाही खर्चच आहे, तो फॉर्ममध्ये नसतो. काही तपासण्या सांगली-मिरजेत करून चालतील का, ते विचारायला लाजू नका. पुष्कळदा चालतात, पण आपणहून कोणी सांगत नाही.

ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नियमानुसार भरपाई. हे फॉर्ममध्ये लिहिलेलं असलंच पाहिजे. भरपाईसाठी वारस म्हणून नाव लिहायची जागा असते. ती बघून अंगावर काटा येतो, माझ्यासमोर कितीतरी बायका तिथे येऊन थांबल्यात. विमा काढताना लिहितो तसंच समजून लिहायचं. नैतिकता समितीचा फोन नंबरही फॉर्मवर असतो. ही समिती डॉक्टरांची बाजू घ्यायला नसते. तिच्यात एक कायदा जाणणारा आणि एक अगदी सामान्य माणूस बसवावा लागतो, तो याचसाठी. आणि तात्या कधीही, कारण न सांगता, बाहेर पडू शकतात. त्यानं त्यांचे बाकीचे उपचार अडत नाहीत.

एक गोष्ट फॉर्ममध्ये बारीक अक्षरात असते, म्हणून मोठ्यानं सांगते. हे नवं औषध इम्युनोथेरपीचं असेल तर त्याचा त्रास केमोसारखा नसतो. केस जाणार नाहीत, उलट्या फारशा नाहीत, त्यामुळे माणूस गाफील राहतो. हे औषध शरीरातल्या पहारेकरी पेशींचा ब्रेक सोडवतं, आणि कधीकधी त्या पेशी आपल्याच थायरॉइडवर, फुप्फुसावर, आतड्यावर चाल करून जातात. कधी काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. गावात तात्यांना जुलाब लागले, दम लागायला लागला, तर 'उन्हाचं झालं असेल' म्हणून जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून घरी यायचं नाही. आधी समन्वयकाला फोन, मग बाकीचं. त्यांच्याकडून औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि तात्यांच्या खिशात ठेवा. तुमच्या गावच्या डॉक्टरांना ते एकदा आधीच दाखवून ठेवा.

माझं मत विचाराल, तर परत आलेल्या आजारात, नामांकित ठिकाणी, नेहमीचा पूर्ण उपचार दोन्ही गटांना मिळत असेल तर मी माझ्या वडिलांना 'घ्या' म्हटलं असतं. ट्रायलमधल्या रुग्णाकडे बारकाईनं लक्ष असतं, तारखा चुकत नाहीत, फोन उचलला जातो. पण माझे वडील 'नको' म्हणाले असते तर मी दुसऱ्यांदा विचारलं नसतं. सोळा-सोळा पानांचे कागद, दर वेळी सहा-सात नळ्या रक्त आणि रेल्वेची रात्र यांच्याऐवजी बांधावर बसायचं आहे असं एखाद्याला वाटू शकतं.

बुधवार अजून लांब आहे. फॉर्म घरी आणलाच आहे, तर रोज चार पानं तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, आधी त्यांच्याशी बोलणं झाल्यावर. जे कळणार नाही तिथे पेन्सिलीनं खूण करा. बुधवारी गर्दी असेल आणि कोणी घाई केली, तर सरळ म्हणा, आज सही नाही, पुढच्या खेपेला. चांगला समन्वयक यावर वाईट वाटून घेत नाही.

आणि काकांना बरोबर न्या. समोरचा माणूस भराभर पानं उलटायला लागला की "थांबा, हे पुन्हा सांगा" म्हणायला तुम्हाला जड जाईल, भावाला सुचणार नाही. काका म्हणतील.